खल्फानच्या डोक्याचं माप

समाइल गावात खल्फान बिन सैफला शहाणा माणूस म्हणून मान होता, आणि त्या मानाचं मूळ त्याच्या कपाळावरच्या आठीत होतं. दोन भुवयांच्या मधोमध ती उभी उमटायची. घराबाहेर पडला की उमटायची आणि घरी येऊन तासभर झाला की विरायची. समोरच्यानं काहीही सांगितलं, बकरी व्याली, पाण्याचा पाट फुटला, पोराला नोकरी लागली, तरी खल्फान डोळे बारीक करून गप्प बसायचा आणि मान हलवायचा तीही बेतानं. शाळेच्या कोठारात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पण पाण्याच्या पाळ्या, खजुराच्या झाडांच्या हद्दी, भावाभावांच्या कटकटी, सगळं त्याच्या मजलिसमध्ये, बाहेरच्या बैठकीत, यायचं. तो अर्धा तास नुसता बसला की भांडणारे त्या आठीला घाबरून आपापसांत मिटवून टाकायचे.

बायकोला, झुवैनाला, मात्र ठाऊक होतं की हा शहाणपणा वगैरे काही नाही, नवऱ्याचं डोकं दुखतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि एकतीस वर्षं दुखत होतं. तिनं लवंगेचं तेल चोळलं, मौलवीकडून पाणी फुंकून आणलं, चष्मा करवला. निजवातल्या एका डॉक्टरानं एक दाढ काढली. दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला, तसं झालं; दाढ गेली, डोकेदुखी राहिली. शेवटी मस्कतच्या मोठ्या दवाखान्यात त्याला एका नळकांड्यात झोपवून डोक्याच्या आतले फोटो काढले. आत जाण्यापूर्वी टोपी काढायला सांगतात, खल्फाननं काढली, आणि फोटोत काही म्हणजे काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाला, कुटुंबात कुणाला काळजी करायची सवय आहे का. झुवैनाला ते लागलं होतं.

झुवैनाला नाद म्हणाल तर एकच, शिवणाचा. घरातले झगे, लेकीचे, मय्याचे, परकर, उशांचे अभ्रे ती येता जाता शिवायची, पण त्यात तिचा जीव नव्हता. जीव होता कुम्म्यात. आमच्याकडे पुरुषाच्या डोक्यावर ही गोल टोपी असतेच, आणि बाजारात यंत्रावर भरलेली ढिगानं मिळते. झुवैना ती हातानं करायची, वर्षाला एक, फक्त नवऱ्यासाठी. दुपदरी पांढरं सुती कापड, त्यात आरीनं पाडलेली मोहरीएवढी भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या कडेनं रेशमी दोऱ्याचे वेढे, की झाला एक तारा. माथ्याची चकती वेगळी भरायची, बाजूची पट्टी वेगळी, आणि दोन्ही पुरी झाली की शेवटी जोडायची. नऊ महिने लागायचे. हजची ईद झाली की सुरुवात आणि रमजानच्या ईदेला सकाळी नवऱ्याच्या हातात. त्याआधी डोक्याला लावून बघायचा नाही, असा तिचा नियम होता. ईदेला बाकीचे पुरुष कुम्म्यावर लोकरीचा फेटा गुंडाळतात. खल्फानला ती मुभा नव्हती. नऊ महिन्यांचं काम फेट्याखाली झाकायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

आणि काम होतंच तसं. झुवैनाचा कुम्मा डब्याला झाकण बसावं तसा बसतो, असं बायका म्हणायच्या. बाकीच्यांचे हलायचे. एका ईदेला गल्लीतल्या एका तरुणाचा कुम्मा नमाज सुरू असताना वाऱ्यानं उडून तीन ओळी पुढं गेला होता, तर त्याच्या बायकोला अजून पतंगवाली म्हणतात. त्या हसण्यात झुवैनाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आता ती माप कशी घ्यायची ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच आहे. लग्न झालं तेव्हा झुवैना एकोणीस वर्षांची. दहा महिने नवऱ्याच्या तोंडाकडे तिनं वर मान करून बघितलं नव्हतं. त्याच्या डोक्याभोवती दोरा गुंडाळायचा कुठून? तिनं सासूला विचारलं. सासूनं फडताळातून निळ्या काठाचा पांढरा एनॅमलचा वाडगा काढला. "माप कशाला? ह्याच्यावर वाळवते मी त्याचे कुम्मे. त्याचं डोकं आणि हा वाडगा, फरक नाही," सासू म्हणाली. धुतलेल्या कुम्म्याला खळ देऊन तो पालथ्या वाडग्यावर चढवतात, म्हणजे आकार धरतो. झुवैनानं वाडग्याला दोरा गुंडाळला आणि तेच माप एकतीस वर्षं चाललं. सासू वारली, वाडगा राहिला.

गेल्या हजच्या ईदेला मय्यानं त्याच वाडग्यात मांस घालून शेजारी अझ्झाकडे दिलं. पोरीला काय माहीत, वाडगा म्हणजे वाडगा. अझ्झानं चार दिवसांनी वाडगा परत पाठवला, आणि रिकामा कुणी पाठवत नाही म्हणून खजूर भरून पाठवला. निळ्या काठाचा, पांढरा, एनॅमलचा. फक्त तो दुसरा होता. आमच्या गल्लीतल्या भांड्यांचं हे असंच आहे, कुणाचं कुणाकडे आहे ते अल्ला जाणे. झुवैनानं खजूर बरणीत ओतले, वाडगा पुसला आणि दोरा गुंडाळून नव्या कुम्म्याची पट्टी कापली. त्या नऊ महिन्यांत जुने धुतलेले कुम्मे वाडग्यावर चढेनात, ओढून ओढून तिचे अंगठे दुखायचे. तिनं दुकानदाराला दोष दिला की खळ भेसळीची देतोस.

रमजान सरत आला. ईदेला तीन दिवस उरले असताना अझ्झा स्वतः वाडगाभर भजी घेऊन आली, गोड, पाकातली. ती वाडग्यातून काढून ठेवताना झुवैनाला काठावरचा टवका दिसला. हा टवका सासूच्या हातून पडला होता, रमजानातच. झुवैनानं फडताळातला वाडगा काढला आणि हा त्याच्या शेजारी ठेवला, मग एकात एक घातला. जुना नव्यात गपकन बसला आणि वर चारही बाजूंनी बोट फिरेल एवढी जागा उरली.

"काय गं, काय झालं?" अझ्झा म्हणाली. "भजी कच्ची आहेत का?"

"मी बुडाले," झुवैना म्हणाली आणि खालीच बसली.

अझ्झाला सगळं सांगितल्यावर तिनं आधी पोट धरून हसून घेतलं. मग डोळे पुसून ती कामाला लागली, कारण ती हसरी असली तरी शेजारीण खरी होती. "उसवून लहान कर."

"पट्टीवर एकशे अठ्ठ्याहत्तर तारे आहेत. कुठला काढू? नक्षी तुटेल. चकतीचं काय?"

"उकळत्या पाण्यात घाल, सुती आहे, आटेल."

"लाल दोरा रंग सोडेल."

"मग कुम्मा आटत नसेल तर डोकं वाढव," अझ्झा म्हणाली. "ईदेची हजामत करू देऊ नकोस त्यांना."

"वर उगवायला आहे काय त्यांच्या?"

अझ्झानं विचार केला. "सुकी मोरी मासळी खाऊ घाल. खारवलेली. माझा दीर खातो तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं तोंड सुजून एवढं होतं."

बुडत्याला काडीचा आधार. तीन दिवस खल्फानला उपास सोडताना सुकी मोरी, लोणचं आणि मिठाचा पापड मिळाला. तो बिचारा खायचा, रात्री चार चार तांबे पाणी प्यायचा आणि सकाळी तो डोळे उघडायच्या आत झुवैना त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. तो म्हणाला, "ताप नाही मला." ती म्हणाली, "झोपा तुम्ही." हजामतीला निघाला तर तिनं न्हाव्याकडे खरूज आलीय असं सांगितलं. न्हावी तिचा चुलतभाऊ होता. शिवाय तिनं पातळ लोकरीची एक पट्टी शिवली, कुम्म्याच्या आत गुपचूप सरकवायला, आणि बाहीत लपवून ठेवली. पतंगवाली हे नाव आता आपल्याकडे येणार, या भीतीनं तिला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

ईदेच्या सकाळी नवा पायघोळ दिशदाशा घालून, अत्तर लावून खल्फान उभा राहिला. झुवैना पट्टी सरकवायला वळली तेवढ्यात त्यानं तिच्या हातातून कुम्मा घेतला आणि डोक्यावर ठेवला. दरवर्षी तो दोन्ही हातांनी, ओठ मिटून, हळूहळू खाली ओढत घालायचा. झुवैनाला वाटायचं नवऱ्याला आपल्या कामाची किती कदर आहे. या वेळी कुम्मा आपला आपण उतरला आणि कानाच्या वर येऊन थांबला.

"वाका बरं," झुवैना म्हणाली.

तो वाकला. कुम्मा हलला नाही.

"सजद्यात जातात तसे वाका."

तो गालिच्यावर कपाळ टेकवून उठला. कुम्मा जागच्या जागी. झुवैनाच्या जिवात जीव आला. मोरी पावली, तिला वाटलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला ते ओळखू येईना. आठी नव्हती. भुवया आपापल्या जागी निवांत होत्या. दिशदाशा, कुम्मा, अत्तर, सगळा बाहेर जायचा थाट, आणि तोंड मात्र उघड्या डोक्यानं रात्री जेवायला बसलेल्या माणसाचं.

"मोकळं वाटतंय," खल्फान म्हणाला.

"मोकळं म्हणजे काय?"

"म्हणजे छान झालाय."

"मोकळं म्हणालात."

"तसं म्हणायची पद्धत आहे."

"कुठं? समाइलात तर नाही." ती दाराच्या आडवी उभी राहिली. "आधीचे घट्ट होते का?"

खल्फान दाराकडे बघू लागला. बाहेर ईदगाहकडे निघालेल्या गाड्यांचे आवाज येत होते. "थोडे," तो म्हणाला.

"थोडे म्हणजे?"

"दुपारपर्यंत चालून जायचं."

"सगळे?"

"तिसरा बरा होता. उंदरानं कुरतडला तो."

झुवैनाच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. आठी, डोकेदुखी, घरी आल्यावर तासाभरात वाटणारं बरं, मस्कतचे फोटो. वाडगा सासूनं दिला तेव्हा तिनं सांगितलं नव्हतं की हे डोकं कितव्या वर्षीचं. पोरगा पंधराचा असताना भांड्याशी जुळलं असेल, तेव्हापासून आईच्या लेखी ते वाढलंच नव्हतं. "लग्नाआधी कसं घालत होतात?"

"मी सैन्यात होतो की. तिथली टोपी सरकारची."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"पहिल्या वर्षी तू माझ्याशी बोलत कुठं होतीस? तो कुम्मा हातात दिलास आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा वर बघितलंस. मी म्हटलं, आता हिला घट्ट आहे सांगितलं तर ही पुन्हा काही वर बघायची नाही."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षीचं काय सांगायचं असा प्रश्न आला."

"तुम्ही दाढ काढून घेतलीत."

"ती तशी हलत होती जराशी."

"त्या नळकांड्यात झोपलात."

"तिथं गार होतं," खल्फान म्हणाला. "शिवाय कुम्मा काढायला लावतात."

तो नमाजला गेला. झुवैना चुलीपाशी अर्सियाचं पातेलं घोटत राहिली, मांस आणि भात एकजीव होऊन गेला तरी घोटत राहिली. तिला राग आला होता, पण तो नवऱ्यावर, सासूवर की स्वतःवर ते तिला ठरवता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो या माणसानं एकतीस वर्षं खाल्ला, आणि बुक्क्या हिच्या. वर तिनंच लवंगेचं तेल चोळलं होतं.

नमाजानंतर मजलिस भरली. हुमैद आणि मुसब्बह हे दोघे भाऊ आले. हुमैदचं खजुराचं झाड मुसब्बहच्या वाफ्यावर झुकलं होतं आणि खाली पडणारा खजूर कुणाचा यावरून दोन वर्षं त्यांचं चाललं होतं. दर ईदेला ते खल्फानच्या आठीसमोर येऊन बसायचे, थोडं नमायचे आणि पुढच्या ईदेपर्यंत तग धरायचे. झुवैना पडद्यामागून ऐकत होती. हुमैदनं नेहमीसारखी आजोबांपासून सुरुवात केली.

"अरे, निम्मा निम्मा वाटून घ्या की," खल्फान मध्येच म्हणाला. "आणि आधी हा हलवा घ्या. काय सुरेख झालाय."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. "अबू नासर," खल्फानला मुलाच्या नावानं हाक मारत मुसब्बह दुखावून म्हणाला, "दोन वर्षांचं भांडण आहे आमचं. तुम्ही ते असं हलव्यासारखं वाटू नका."

"मग झाड तोडा."

"तोडा?" हुमैद म्हणाला. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"अगदी बरी," खल्फान म्हणाला आणि हसला. त्या हसण्यानं मजलिस गार पडली. दोघे भाऊ कहवा अर्धा टाकून उठले आणि, दोन वर्षांत पहिल्यांदा, एकाच गाडीतून गेले.

दुपारपर्यंत चार जण खल्फानच्या तब्येतीची चौकशी करून गेले. एकानं त्याला डावा हात उचलून दाखवायला सांगितलं. मग अझ्झा आली ती थेट स्वयंपाकघरात. "गावभर झालंय. अबू नासरांच्या अंगावरून वारं गेलं म्हणतात. हसतात म्हणे, आणि विचारलं की लगेच उत्तर देतात."

"कुम्मा कसा दिसला?" झुवैनानं विचारलं.

"कुम्म्याकडे कुणी बघितलंच नाही. तोंडाकडेच बघत होते सगळे." अझ्झानं आवाज खाली आणला. "ऐक माझं. जुना घालू दे त्यांना. निदान शुक्रवारी आणि मजलिसला. घराची पत आहे, बाई."

झुवैना माजघरात गेली आणि पेटी उघडली. उंदरानं खाल्लेला सोडून तीस कुम्मे एकात एक घालून ठेवले होते. आजवर ही पेटी उघडली की तिला बरं वाटायचं. आता एकेक हातात घेताना तिला तो नवऱ्याच्या कपाळावर बसलेला दिसत होता, आणि ती रडली. मग डोळे धुऊन तिनं त्यातला एक उचलला आणि मजलिसमध्ये गेली. पाहुणे गेले होते. खल्फान उशीला टेकून उघड्या डोक्यानं बसला होता, नवा कुम्मा शेजारी.

"तुमचा मान चाललाय," ती म्हणाली. "मी ठरवणारी कोण? हवा तर हा घाला."

त्यानं तो जुना कुम्मा घेतला, उलटासुलटा केला. "हा मय्या झाली त्या वर्षीचा," तो म्हणाला. "मागच्या बाजूला दोन तारे कमी आहेत. तुला बसवत नव्हतं तेव्हा."

तिला वाटायचं ते दोन तारे जगात कुणालाच माहीत नाहीत.

"मान कसला," खल्फान म्हणाला. "हा घालून बसलो की समोरचा काय बोलतो ते मला ऐकूही यायचं नाही. कधी उठून जातील याची वाट बघायचो. ते निवाडे माझे नव्हेतच, आईच्या वाडग्याचे आहेत." त्यानं कुम्मा घडी न मोडता बाजूला ठेवला. "आज अर्सिया फार चांगला झाला होता. दर ईदेला असाच होतो का?"

"असाच होतो," झुवैना म्हणाली, आणि तिला तोंड फिरवावं लागलं.

अझ्झाचा वाडगा तर अझ्झाला परत जायचा होता, आणि पुढच्या कुम्म्याचं कापड घरात येऊन पडलं होतं. झुवैना उठली. रिळातला जाड पांढरा दोरा घेऊन आली आणि नवऱ्याच्या मागं गुडघ्यांवर बसली. तेल चोळायला हे डोकं तिनं हजार वेळा हातात घेतलं होतं, पण त्याला वळसा किती पडतो ते तिला माहीत नव्हतं. तिनं दोरा कपाळावरून, कानांच्या वरून मागं आणला आणि दोन्ही टोकं चिमटीत धरली.

"घट्ट होतंय का?" तिनं विचारलं.

"नाही गं," खल्फान म्हणाला. "अगदी बरोबर आहे."

झुवैनानं दोरा बोटभर सैल केला आणि मग गाठ मारली.